ठोकळा महागला की खोका मोठा झाला?

'लेगोचे ठोकळे पूर्वी कोणालाही परवडत. आता पेटंटच्या जोरावर आणि चित्रपटांची नावे लावून कंपनीने त्यांची किंमत अनेक पटींनी वाढवली आहे,' असा मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. त्यामागचा वैताग खरा असला, तरी त्यातील एकेक विधान आकड्यांपुढे टिकत नाही.

पूर्वीच्या स्वस्ताईचे विधान आधी पाहू. 'गॅलेक्सी एक्सप्लोरर' हा अंतराळयानाचा लेगो संच १९७९ साली अमेरिकेत सुमारे ३२ डॉलरला मिळत असे आणि त्यात ३३८ भाग होते, म्हणजे एक भाग साधारण साडेनऊ सेंटला पडे. त्याच यानाची नवी आवृत्ती २०२२ मध्ये १०० डॉलरला आली. तीत १,२५४ भाग आहेत, म्हणजे भागामागे आठ सेंट. या दरम्यान अमेरिकेतील ग्राहक किंमत निर्देशांक (महागाईचे माप) चौपट झाल्यामुळे तेव्हाचे ३२ डॉलर म्हणजे २०२२ चे जवळपास १३० डॉलर होतात. थोडक्यात, जुना संच नव्याहून लहान असूनही महाग होता.

अर्थात भाग मोजण्याची ही पद्धत निर्दोष नाही. जुन्या संचात दोन मोठ्या तळपट्ट्या होत्या आणि त्यांतील प्रत्येक पट्टी एकच भाग म्हणून मोजली जाते, तर आजच्या संचांत नखाएवढे कितीतरी तुकडे संख्या फुगवतात. त्यामुळे महागाई धरून भागामागची किंमत सुमारे पाचव्या हिश्श्यावर आली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. ती वाढली असे मात्र मुळीच म्हणता येत नाही.

पेटंटचा मुद्दा लवकर निकालात निघतो. ठोकळ्याच्या जोडणीचे १९५८ चे पेटंट केव्हाच संपले असून, ठोकळ्याच्या आकारावर व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगण्याचा प्रयत्न कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळला. लेगोला जोडता येणारे ठोकळे इतर कंपन्या उघडपणे विकतात ते यामुळेच.

चित्रपटांच्या नावांचे काय? 'स्टार वॉर्स'चे संच १९९९ पासून निघू लागले आणि अशा परवान्याचे शुल्क किमतीत मिसळते, हे मान्य. पण त्या चित्रपटांतील 'मिलेनियम फाल्कन' यानाचा २००७ चा मोठा संच ५०० डॉलरचा, सुमारे ५,२०० भागांचा होता; २०१७ चा ८०० डॉलरचा, ७,५४१ भागांचा. भागामागची किंमत ९.६ सेंटवरून १०.६ झाली, जी नुसत्या महागाईच्या हिशेबाने ११.४ व्हायला हवी होती. ग्राहकाचे तीनशे डॉलर जास्त गेले, याचे मुख्य कारण खोकाच मोठा झाला होता.

तक्रारच करायची असेल, तर तिला दुसरा आणि अधिक भक्कम आधार आहे: २०२२ मध्ये याच 'फाल्कन'ची अमेरिकेतील किंमत ८५० डॉलर झाली, आणि त्यात एकाही भागाची भर पडली नव्हती.