बँक काढायची असेल, तर तिला बँक म्हणू नका

वाचकहो, परक्या मुलुखात जाऊन बँक काढण्याची हौस तुमच्यापैकी कोणाला असेल, तर भांडवल, ओळखीपाळखी आणि तिजोरी यांची चिंता नंतर करावी. आधी नाव ठरवावे आणि त्यात ‘बँक’ हा शब्द चुकूनही येणार नाही याची खबरदारी घ्यावी. हा सल्ला माझ्या पदरचा नाही. स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशायर परगण्यातून निघून १८३४ मध्ये शिकागोला उतरलेल्या जॉर्ज स्मिथ नावाच्या गृहस्थांनी तो स्वतः अमलात आणला आणि मिशिगन सरोवराच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांना पंधराएक वर्षे पैसा पुरवला. फक्त त्या पैशाला पैसा म्हणायचे नाही, एवढेच पथ्य त्यांनी कसोशीने पाळले.

सुरुवात मात्र जमिनीपासून करावी. स्मिथ पोहोचले तेव्हा शिकागो म्हणजे चिखल, लाकडी घरे आणि भूखंडांचे नकाशे बगलेत मारून हिंडणारे लोक, एवढाच कारभार होता. त्यांनी शिकागोत आणि शेजारच्या विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीत जमिनी घेतल्या, मग मायदेशी जाऊन ॲबर्डीनच्या मंडळींना पश्चिमेच्या समृद्धीच्या कथा ऐकवल्या आणि त्यांच्या पैशांतून जमिनीत गुंतवणूक करणारी कंपनी उभी केली. हे घडले १८३७ मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या जमिनीच्या फुग्याला टाचणी लागली त्याच वर्षी. इथे खचून जाण्याचे कारण नाही. भाव कोसळलेले असताना ज्याच्यापाशी रोकड असते त्याला लोक दूरदृष्टीचा म्हणतात, आणि ती रोकड कोणाची, हे सहसा विचारीत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. त्या काळी विस्कॉन्सिनमध्ये ‘बँकर’ आणि ‘दरोडेखोर’ या दोन शब्दांत लोकांना फारसा फरक वाटत नसे, आणि त्यांचे फार चुकत होते असेही नाही. शेजारच्या मिशिगनमध्ये बँक काढणे कायद्याने सोपे करून ठेवल्यावर जो तमाशा झाला, त्याची हकिकत तेथील तपासनिसांनीच लिहून ठेवली आहे: पेट्यांमध्ये वर चांदीच्या नाण्यांचा एक थर आणि खाली खिळे नि काचा, शिवाय तपासनीस पुढच्या गावी पोहोचण्याआधी तीच नाणी तिकडे रवाना. काही बँका तर मुद्दाम अशा रानात थाटल्या जात की नोट वटवायला माणसाने तिथवर जाऊच नये. अशांना ‘रानमांजर बँका’ हे नाव पडले.  परिणामी विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाला बँक या शब्दाचा इतका तिटकारा आला की सनद मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवण्याची तयारी होती.

म्हणून १८३९ मध्ये स्मिथ यांनी बँकेची नव्हे, तर विमा कंपनीची सनद मागितली. ‘विस्कॉन्सिन मरीन अँड फायर इन्शुरन्स कंपनी’: जहाजांचा आणि आगीचा विमा. सरोवरात गलबते होती आणि घरे लाकडाची होती, तेव्हा या नावावर आक्षेप घेणार कोण? सनदेत मात्र आणखी एक कलम होते की कंपनीने ठेवी स्वीकाराव्यात आणि तो पैसा जहाजाच्या किंवा अन्य समाधानकारक तारणावर कर्जाऊ द्यावा. एवढे दिल्यावर विधिमंडळाची सद्सद्विवेकबुद्धी जागी झाली आणि त्यांनी खबरदारी म्हणून पुढे जोडले की, या सनदेतील कोणत्याही मजकुराने कंपनीला बँकिंगचे अधिकार मिळतात असे समजू नये. धर्मराजाने ‘नरो वा कुंजरो वा’ हळूच म्हटले होते. इथे ते छापून दिले गेले, आणि तरीही कोणाला ऐकू आले नाही. सनद लिहून घेताना अशी वाक्ये विरोधकांना मनसोक्त घालू द्यावीत. त्यांना झोप लागते आणि आपले काम अडत नाही.

काम सोपे होते. मिलवॉकीच्या कचेरीत स्मिथ यांनी अलेक्झांडर मिचेल हा ॲबर्डीनशायरचाच एकवीस वर्षांचा तरुण आणून बसवला. कंपनी एक पावती छापी: अमुक इसमाने या संस्थेत एक डॉलर ठेवला आहे आणि मागताक्षणी तो परत मिळेल. तीन डॉलरची पावती होती, पाचाची होती. पावती नोटेच्या आकाराची, नोटेसारख्या नक्षीची, नोटेसारखी घडी पडणारी, पण नोट नव्हे. पुष्कळदा पावती घेणाऱ्याने ठेव ठेवलेलीच नसे. तो गव्हाचा व्यापारी असे, कंपनी त्याला कर्ज देई आणि कर्जाची रक्कम या पावत्यांच्या रूपाने त्याच्या हाती पडे. तो त्या शेतकऱ्याला देई, शेतकरी दुकानदाराला, दुकानदार आणखी कोणाला, आणि तोवर गहू पूर्वेकडे विकला जाऊन न्यूयॉर्कमध्ये कंपनीच्या नावे पैसे जमा झालेले असत. यातली मौज लक्षात घ्यावी: कर्जावर कंपनीला व्याज मिळे, आणि खिशात पावती बाळगणारा शेतकरी कंपनीला बिनव्याजी उसने देत असे. स्कॉटलंडात खासगी बँकांच्या एक पौंडाच्या नोटा लोक निःशंक वापरत आले होते, तेव्हा यात स्मिथ यांना काही अद्भुत वाटले नसावे. अमेरिकनांनी या कागदाला सरळ ‘जॉर्ज स्मिथचा पैसा’ म्हणायला सुरुवात केली, आणि १८५०च्या आगेमागे असा जवळजवळ पंधरा लाख डॉलरचा कागद हातोहात फिरत होता.

इथवर स्मिथ यांचे अनुकरण बेलाशक करावे. पुढे त्यांच्या हातून जी गंभीर चूक घडत राहिली, तिच्यापासून मात्र चार हात दूर राहावे. पावतीवर लिहिले होते ‘मागताक्षणी’, आणि हे लोक खरोखरच मागताक्षणी नाणी मोजून देत. एवढी खटपट करून कायद्याच्या फटीतून आत शिरल्यावर वचन पाळण्याचे काय कारण होते, हे मला आजतागायत उमगलेले नाही. प्रतिस्पर्धी पावत्यांचे गठ्ठे साठवून एकदम खिडकीवर आदळत. खिडकीतून नाणी बाहेर येत. १८४९च्या अखेरीस अफवा उठून मिलवॉकीच्या कचेरीपुढे रांग लागली, तेव्हा मिचेल यांनी रीतसर दार ओढून घ्यायचे सोडून सगळ्यांना रोख दिले. ज्यांना मिळाले त्यांना मग ती जड नाणी कुठे ठेवावीत हा प्रश्न पडला आणि गर्दी ओसरली. आपल्याकडे ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ म्हणतात. या मंडळींनी म्हण उलटी करून टाकली, आणि ज्या कायदेशीर बँकांच्या हाती कथलाचाही वाळा नव्हता, त्यांची विनाकारण पंचाईत केली.

असा व्यवहार अर्थातच समाजाला सहन होत नाही. १८४६ मध्ये विधिमंडळाने ही सनद रद्द केली. अशा प्रसंगी घाबरू नये, वकील करावा. कंपनीने म्हटले की सनद रद्द करणे हे विधिमंडळाचे काम नव्हे, त्याचा निर्णय न्यायालयाने द्यावा. आणि असे म्हणून दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कचेरी उघडली. बँकांवर सक्त बंदी घालणारा राज्यघटनेचा पहिला मसुदा मतदारांनी फेटाळला, १८४८ मध्ये विस्कॉन्सिन राज्य झाले, अधिकारी आले आणि गेले, पण कारवाई कोणी करीना. करणार तरी कशी? नागरिकांच्या खिशात जो एकमेव खात्रीचा पैसा होता, तो बेकायदा होता. बंदी घालणाऱ्यांपैकी किती जणांनी आपले त्या महिन्याचे किराणा बिल याच पावत्यांनी भागवले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला दिसत नाही, पण माझी कल्पना फारशी उदार नाही.

शिकागोत मात्र नवा कायदा आला आणि परवाना नसलेल्या पेढ्यांच्या नोटांवर गदा आली. यावर स्मिथ यांचा तोडगा विद्यार्थ्यांनी पाठ करावा असा आहे. त्यांनी जॉर्जिया राज्यातल्या दोन बँकांच्या सनदा मिळवल्या. एक अटलांटातली, म्हणजे शिकागोपासून सुमारे हजार किलोमीटरवरची. तिच्या नोटा पूर्णपणे कायदेशीर होत्या, फिरत होत्या शिकागोत, आणि नाणी हवी असतील तर कायद्याप्रमाणे अटलांटाला जावे. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की पूर्वी बेकायदा कागदाचे पैसे खिडकीवर मिळत होते, आणि आता कायदेशीर कागदाचे मिळण्यासाठी प्रवासाला निघावे लागणार होते. रानमांजर आणि स्मिथ यांच्यातले अंतर आता मैलांत मोजण्याइतके कमी झाले होते. माझ्या मते हीच त्यांची खरी प्रगती.

आणि मग वेळेवर उठावे. १८५३ मध्ये मिलवॉकीची कंपनी नव्या कायद्याखाली उजळ माथ्याने बँक झाली. जुने नाव न सोडता शेवटी ‘बँक’ हा शब्द तेवढा चिकटवला, म्हणजे ती झाली ‘विस्कॉन्सिन मरीन अँड फायर इन्शुरन्स कंपनी बँक’. पुढच्या वर्षी स्मिथ यांनी आपला हिस्सा मिचेल यांना विकला. १८५७ ची मंदी अवतरली तेव्हा ते या धंद्यातून जवळपास बाहेर पडलेले होते, आणि काही वर्षांतच अमेरिका सोडून ब्रिटनला परतले. लग्न केले नाही. लंडनच्या रिफॉर्म क्लबमध्ये मुक्काम ठेवून रेल्वेच्या शेअरांवर लक्ष ठेवीत त्यांनी उरलेले आयुष्य काढले आणि १८९९ मध्ये तेथेच देह ठेवला. अफाट संपत्तीचा मोठा वाटा पुतण्याला गेला. तो इतका अबोल होता की न्यूयॉर्कमध्ये त्याला ‘सायलेंट स्मिथ’ म्हणत. तिकडे मिचेल रेल्वेचे अध्यक्ष झाले, अमेरिकन प्रतिनिधिगृहात बसले. मिलवॉकीत त्यांच्या नावाची इमारत आहे, उद्यान आहे, आणि विमानतळाला त्यांच्या नातवाचे नाव आहे.

राहता राहिली ती बँक. बेकायदा असताना रांगा, अफवा आणि रद्द झालेली सनद पचवणारी ही संस्था सगळे कागद नीट केल्यानंतर चाळीस वर्षांनी, १८९३ च्या मंदीत, दार बंद करून बसली. ठेवीदारांची देणी भागवण्यासाठी मिचेल यांच्या मुलाला स्वतःच्या मालमत्तेला हात घालावा लागला, तेव्हा तो अमेरिकेच्या सेनेटचा सभासद होता. तुमच्या बँकेसाठी संचालक निवडताना हे अवश्य ध्यानात ठेवा, आणि असल्या सवयीची माणसे शक्यतो टाळा.