बंड्याच्या चिखल्या

दोन जंतुनाशकं एकत्र लावली की बॅक्टेरिया आणि बुरशी दोन्ही खलास, असा मेसेज बंड्याने सकाळीच ग्रुपवर टाकला होता, खाली तीन उद्गारचिन्हं ठोकून. त्यामुळे संध्याकाळी कट्ट्यावर काय होणार हे ठरलेलंच होतं.

"वाचलंत ना सगळ्यांनी?" आल्या आल्या त्याने चपला काढल्या आणि पाय वर घेतले. "दोन जंतुनाशकं एकत्र. बॅक्टेरिया पण खलास, बुरशी पण खलास. मी कधीचा सांगतोय."

"तू कधीचा काय सांगतोयस?" सुमेधा म्हणाली. ती प्रयोगशाळेत जंतू वाढवते आणि मग मारते, पगार दोन्हीचा मिळून एकच. या विषयावर तिच्यासमोर तोंड उघडायला आम्ही कचरतो. बंड्या कचरत नाही. तो कुठल्याच विषयात कचरत नाही.

"हेच की, एकाने भागत नसेल तर दोन लावा. दोनाने नाही तर तीन." आणि पुरावा म्हणून त्याने पायाची बोटं फाकवली. करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कातडी भिजून पांढरीफटक झालेली, सोलवटलेली, मधोमध लाल भेग. चिखल्या. आम्ही सगळे नकळत जरा सरकलो. "दहा दिवस झाले. आधी साबणाने खसाखसा धुतो, फेस तसाच ठेवतो, त्यावरच क्लोरहेक्झिडीन नावाचं जंतुनाशक चोपडतो. वरून घरात सापडलेलं एक मलम."

"फेस तसाच ठेवतोस?"

"डबल ॲक्शन!"

सुमेधाने क्षणभर डोळे मिटले. "अरे, साबणावर ऋण भार, क्लोरहेक्झिडीनवर धन भार. भेटले की दोघं एकमेकांच्या गळ्यात पडतात. मग जंतूंकडे बघायला कोण मोकळं राहतंय? क्लोरहेक्झिडीनची चूळ भरायला दिली की दात घासल्यावर लगेच भरू नका म्हणतात, ते याचसाठी. पेस्टमधला फेस आणि हे औषध एकमेकांना निकामी करतात. दहा दिवस तू मध्यस्थी करतोयस आणि बुरशी आरामात मजा बघत बसलीय."

"पण मलम आहे ना! त्यात तीन औषधं आहेत. एक बॅक्टेरियाचं, एक बुरशीचं आणि एक..."

"स्टेरॉइड."

"हां, तेच. एकदम गुणकारी. खाज गेली बघ."

"खाज तुझी गेली, बुरशीची नाही गेली. स्टेरॉइडने आग आणि लाली दबते, आणि शरीराचे पहारेकरीच झोपवल्यावर बुरशी पसरायला मोकळी. तुला वाटतं बरं झालं."

इथे अण्णांनी घसा खाकरला. अण्णा निवृत्त शिक्षक. तीस वर्षं पोरांना रसायनशास्त्र शिकवलं, त्यात दोन वर्षं बंड्यालाही. ती दोन वर्षं ते सेवाकाळात धरत नाहीत. "एक ना धड, भाराभर चिंध्या," ते म्हणाले. "सुमे, मला तर ही जोड्या जमवायची भानगडच पटत नाही. 2016 साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियंत्रण खात्याने, ट्रायक्लोसान हे जंतुनाशक धरून 19 घटक घरगुती साबणांतून काढायला लावले. का? तर साध्या साबण-पाण्यापेक्षा हे सरस आहे, एवढंसुद्धा कंपन्यांना दाखवता आलं नाही. आणि त्याच्याही आधी, पहिल्या महायुद्धात पेनिसिलीनवाल्या फ्लेमिंगने सांगितलं होतं की खोल जखमेत जंतुनाशक ओतलं तर कोपऱ्यात दडलेले जंतू राहतात आणि मरतात आपल्याच पांढऱ्या पेशी. एकाने एवढं नुकसान, तर दोनाने किती?"

"हे अण्णांचं बरोबर आहे," सुमेधा म्हणाली. (तारीख लिहून ठेवायला हवी होती.) "घरात सगळीकडे ओतायला ह्या जोड्या नाहीतच. पण म्हणून जोडीला अर्थ नाही असं नाही. थांबा."

तिने विटेचा एक तुकडा उचलला आणि कट्ट्यासमोरच्या फरशीवर चौकटी आखायला घेतल्या. "आमच्या प्लेटीत 96 खळगे असतात, बारा आडवे, आठ उभे. आडव्या रांगेत एक औषध निम्मं-निम्मं करत न्यायचं, उभ्या रांगेत दुसरं. सगळ्यांत सारखेच जंतू घालायचे आणि एक रात्र उबेला ठेवायचं. सकाळी बघायचं, कुठला खळगा गढूळ, कुठला नितळ. समजा, वाढ थांबवायला एकट्या पहिल्याचे चार भाग लागतात, एकट्या दुसऱ्याचेही चार. आणि दोघं मिळून एकेका भागात काम झालं. म्हणजे पाव आणि पाव, अर्धा. बेरीज अर्धा किंवा त्याहून कमी आली तरच आम्ही त्याला सहकार्य म्हणतो. हीच बेरीज चारच्या वर गेली तर विरोध. मधलं सगळं उदासीन."

"उदासीन म्हणजे?" दिग्याने विचारलं.

"म्हणजे शेजारी शेजारी बसलेत, पण कुणाचं कुणावाचून अडत नाही."

"आमच्या ऑफिससारखं."

"सहकार्य उगाच होत नाही," ती थांबायला तयार नव्हती. "काही बॅक्टेरियांना, ग्राम-निगेटिव्ह म्हणतात त्यांना, बाहेरून एक जास्तीचं आवरण असतं. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या टाक्यांनी शिवल्यासारखं. ईडीटीए नावाचं रसायन हे टाके उसवतं. एकटं ते फारसं कुणाला मारत नाही. पण उसवलेल्या जागेतून क्लोरहेक्झिडीन आत घुसतं. एक दार उघडणारा, दुसरा आत शिरणारा. बंड्या, तुझ्या मिश्रणात दोघंही दार लावणारे आहेत."

दिग्याला राहवेना. त्याच्या मोती कुत्र्याच्या अंगाला गेल्या पावसाळ्यात असा वास यायचा की दिग्या आला की आम्ही वाऱ्याची दिशा बघायचो. "डॉक्टरांनी शॅम्पू दिला होता, त्यात दोन टक्के क्लोरहेक्झिडीन आणि दोन टक्के मायकोनाझोल, ते बुरशीचं औषध. म्हणाले, कातडीवर बॅक्टेरिया पण माजलेत आणि मॅलेसेझिया नावाची बुरशी पण, दोघांना एकदम धरायला हवं. पण फेस दहा मिनिटं अंगावर ठेवायचा! दहा मिनिटं, अरे. मोती भिंतीकडे तोंड करून उभा, अंगभर फेस, आणि दर अर्ध्या मिनिटाला मागे वळून माझ्याकडे असा बघायचा की मी त्याची इस्टेट लुबाडलीय. तिसऱ्या मिनिटाला मी हरायचो. तिसऱ्या आठवड्यापर्यंत काही फरक नाही. मग घड्याळ लावून बसलो, तेव्हा कुठे वास गेला."

"हे खरं औषध," सुमेधा म्हणाली. "दहा मिनिटं. बाटलीतलं नाही, घड्याळातलं."

अण्णा हरायला तयार नव्हते. "बरं, माणसांवर दाखव."

"2010 सालची चाचणी. शस्त्रक्रियेआधी कातडीला क्लोरहेक्झिडीन आणि अल्कोहोल एकत्र लावलं तर जखमेत संसर्ग 9.5 टक्के लोकांना, पोव्हिडोन-आयोडीन लावलं तर 16.1 टक्के. कारणही साधं आहे. अल्कोहोल धाड घालतं आणि उडून जातं, क्लोरहेक्झिडीन कातडीला चिकटून तासन् तास पहारा देतं."

"आयोडीन कशात होतं?"

सुमेधा गप्प.

"पाण्यात होतं," अण्णांनी विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं. "म्हणजे इकडे दोन पैलवान आणि तिकडे एक. जिंकलं ते अल्कोहोल असेल! 2024 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये दोघांनाही अल्कोहोलमध्ये मिसळून झुंजवलं, तर जवळपास बरोबरी सुटली."

"म्हणजे अण्णा, दोन्ही बाजूंना जोडीच होती की."

अण्णांनी तोंड उघडलं, मिटलं आणि चष्मा पुसायला घेतला. माझ्या मते तिथेच वाद संपला होता. पण कट्ट्यावर वाद संपला म्हणून कुणी घरी जात नाही.

शिवाय बंड्याचा बराच वेळ कुणी अपमान केला नव्हता. तो म्हणाला, "ते सगळं ठीक आहे, पण थिअरी वेगळी आणि प्रॅक्टिकल वेगळं. मी स्वतः प्रयोग केलेला माणूस आहे."

दिग्या ताडकन उठला. "नाव काढू नकोस त्या प्रयोगाचं!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हॉस्टेलमध्ये हे दोघं एका खोलीत होते. आठवडाभर डाग जात नाही म्हणून बंड्याने न्हाणीघरात ब्लीच ओतलं, तेवढ्याने समाधान होईना म्हणून वर ॲसिड ओतलं आणि दार लावून घेतलं, 'वाफ मुरावी म्हणून'. निघाला तो क्लोरीन. 1915 साली, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर सोडलेला वायू तो हाच. दुसऱ्या दिवशी दिग्याची तोंडी परीक्षा होती. परीक्षकांनी काय विचारलं ते त्याला आजही सांगता येत नाही, कारण तो फक्त खोकत होता.

"जंतू मेले होते पण," बंड्या.

"मी मरायच्या बेतात होतो!"

माझंही थोडं सांगतो, नाहीतर उगाच बंड्या एकटाच बदनाम व्हायचा. लहानपणी गुडघा फुटला तेव्हा मी मर्क्युरोक्रोम, म्हणजे ते पाऱ्याचं लाल औषध, लावलं आणि झोंबत नाही म्हणजे त्यात दम नाही असं ठरवून वरून टिंक्चर आयोडीन ओतलं. पारा आणि आयोडीन एकत्र आल्यावर जे बनतं ते कातडी भाजणारं असतं, हे मला अण्णांच्या वर्गात कळलं. तोवर गुडघ्याने ते आधीच शिकून घेतलं होतं.

"मग मी आता करू काय?" बंड्याने विचारलं, पहिल्यांदाच जरा नरमाईने.

"पाय धू, साबण पूर्ण जाऊ दे, आणि बेचकी कोरडी कर. नीट कोरडी. ते मलम फेक आणि डॉक्टरला पाय दाखव, आम्हाला नको. जोडीच हवी असेल तर व्हिटफील्डचं मलम विचार, शंभर वर्षांहून जुनं आहे. सहा टक्के बेंझोइक ॲसिड, तीन टक्के सॅलिसिलिक. सॅलिसिलिक वरची मेलेली कातडी सोलतं, बेंझोइक खालच्या बुरशीला गाठतं. पण बोटांमधली भेग उघडी असेल तर आग आग होईल, तेव्हा आधी विचार. आणि त्यात स्वतःचं काही मिसळू नकोस."

"थोडंसं सुद्धा?"

"सुमे," अण्णा फरशीकडे बोट दाखवत म्हणाले, "तुझ्या या तक्त्यात बंड्या कुठल्या चौकटीत?"

सुमेधाने विचार केला आणि विटेचा तुकडा मधल्या एका घरात ठेवला. "उदासीन. असला काय, नसला काय."

"म्हणजे निरुपद्रवी!" बंड्या खूश.

दिग्याने खाली वाकून तो तुकडा उचलला आणि 'विरोध'च्या कोपऱ्यात ठेवला. "हॉस्टेलची खोली विसरू नका."

"पुसून टाकतो मी हा तुमचा तक्ता," म्हणत बंड्या खाली उतरला आणि अनवाणी पायाने फरशी घासायला लागला, चांगला बोटं पसरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"पाय लावू नकोस!" सुमेधा ओरडली. पण उशीर झाला होता. अण्णांसकट आम्ही चौघांनीही पाय कट्ट्यावर उचलून घेतले होते, आणि चौघांच्याही चपला खाली, बंड्याच्या बाजूला.