प्रश्न भूलतज्ज्ञाने विचारला होता

ख्रिस्ती जैवनीतिशास्त्राविषयी, म्हणजे उपचार, जन्म आणि मृत्यू यांतल्या नैतिक प्रश्नांच्या ख्रिस्ती विचाराविषयी, एक विधान सध्या पुष्कळ फिरते. त्याचा आशय असा की, हे मुळी शास्त्रच नव्हे. ती बायबलमधून काढलेल्या मनाईंची यादी आहे, रुग्णालयाची पायरीही न चढलेल्या पाद्र्यांनी ती केली, आणि तिच्यापायी मरणासन्न माणसाचे यंत्र काढता येत नाही, रुग्णाला वेदना सोसाव्या लागतात व आयर्लंडमध्ये गर्भपात नाकारला गेलेल्या सविता हलप्पनवार यांच्यासारख्या स्त्रीला प्राण गमवावे लागतात. यातल्या शेवटच्या मुद्द्यात दुखरे सत्य आहे आणि त्याकडे शेवटी वळूच. बाकीचे मुद्दे नोंदलेल्या इतिहासाशी जुळत नाहीत.

यंत्राचा मुद्दा आधी घेऊ, कारण तोच सर्वांत जास्त चुकीचा आहे. १९५०च्या दशकात कृत्रिम श्वसनयंत्रांचा वापर वाढला, आणि एरवी काही तासांत मरण पावला असता असा माणूस गाढ बेशुद्धीत दिवसचे दिवस श्वास घेत राहू लागला. या अवस्थेपुढे अडखळलेल्या ऑस्ट्रियातील इन्सब्रुकच्या एका डॉक्टरांनी, भूलतज्ज्ञ ब्रूनो हाइड यांनी, तीन प्रश्न मांडले: आशा उरलेली नसतानाही यंत्र लावलेच पाहिजे का, लावलेले यंत्र काढता येते का, आणि यंत्रावरचा असा रुग्ण मृत केव्हा मानायचा? २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांच्या सभेपुढे पोप बारावे पायस यांनी त्यांना उत्तर दिले. जीव राखण्यासाठी सामान्य उपाय करणे हे कर्तव्य आहे, पण जे उपाय रुग्णावर किंवा त्याच्या माणसांवर फार मोठा भार टाकतात ते बंधनकारक नाहीत. सुधारणेची आशा नसेल तर यंत्र काढता येते. आणि डॉक्टरचा अधिकार रुग्णाच्या संमतीपुरताच आहे, असे त्यांनी सांगितले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत बोलके वाटते. मृत्यू नेमका कधी झाला हे ठरवणे चर्चच्या कक्षेत येत नाही, ते डॉक्टरांनी ठरवावे, असे म्हणून पोपनी तो प्रश्न विचारणाऱ्याकडेच परत पाठवला. मेंदूमृत्यूचे निकष सुचवणाऱ्या हार्वर्डच्या समितीने १९६८च्या आपल्या अहवालात याच भाषणाचा हवाला दिला, आणि त्या समितीत डॉक्टरांच्या जोडीला कायद्याचे, विज्ञानाच्या इतिहासाचे आणि ईशज्ञानाचे, म्हणजे ख्रिस्ती धर्मविचाराचे, अभ्यासकही बसले होते.

हा विचार यंत्र आल्यावर घाईने रचलेला नव्हता. सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामांकाचे, डॉमिनिकन या कॅथलिक धर्मसंघातले अध्यापक फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी वैद्याने सांगितलेले कोंबडीसारखे महागडे अन्न खाल्लेच पाहिजे असे बंधन आजाऱ्यावर नाही, असे लिहून ठेवले होते. उपाय वाजवी आहे की नाही हे तो कोणासाठी आणि किती ओझ्याचा आहे यावर ठरते, हा त्यामागचा धागा. तोच धागा १९७६ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. कॅरन क्विनलन या बेशुद्ध तरुणीचे श्वसनयंत्र काढावे म्हणून न्यायालयात गेलेले तिचे आईवडील श्रद्धाळू कॅथलिक होते. डॉक्टर नकार देत होते, आणि पॅटरसनचे बिशप लॉरेन्स केसी यांनी आईवडिलांच्या बाजूने न्यायालयात निवेदन दिले होते. न्यायालयाने त्या निवेदनाची दखल घेतली व आईवडिलांच्या बाजूने निकाल दिला. फिरणाऱ्या विधानात जे सांगितले जाते त्याच्या नेमके उलट असे हे चित्र आहे.

वेदनेच्या मुद्द्याला फार वेळ द्यायची गरज नाही. त्याच १९५७ सालच्या फेब्रुवारीत बारावे पायस यांनी सांगितले होते की, वेदना शमवणे हाच हेतू असेल आणि दुसरा मार्ग नसेल, तर आयुष्य काहीसे कमी होण्याचा संभव असला तरी वेदनाशामक देता येते. पण पोपच्या भाषणापेक्षा सिसिली साँडर्स यांचे काम अधिक सांगते. त्या आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. ख्रिस्ती श्रद्धेतून त्यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेचे केंद्र, उघडले. वेदना उसळण्याची वाट न पाहता घड्याळ लावून तोंडावाटे मॉर्फिन द्यायचे, आणि शरीर, मन, घरची परिस्थिती व श्रद्धा या चारही अंगांनी वेदना समजून घ्यायची, ही त्यांची पद्धत होती. औषधशास्त्र, समाजकार्य आणि ईशज्ञान तिथे एकाच खाटेपाशी एकत्र आले. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेले शांती आवेदना सदन, जे भारतातले पहिले हॉस्पिस मानले जाते, ते कर्करोगाच्या शल्यचिकित्सकाच्या पुढाकाराने आणि धर्मभगिनींच्या शुश्रूषेवर उभे राहिले.

पाद्र्यांनी रुग्णालय पाहिलेले नसते, हा आरोपही टिकत नाही. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे विचारवंत पॉल रॅम्से यांनी वैद्यकीय नीतीवर लिहिण्याआधी अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टरांबरोबर वेळ घालवला. त्याच विद्यापीठात १९७१ मध्ये केनेडी नीतिशास्त्र संस्था उभारणारे आन्द्रे हेलेगर्स स्त्रीरोगतज्ज्ञ होते. शिवाय हे सगळे एका सुरात बोलतात असेही नाही: प्रयोगशाळेतील गर्भधारणा रोमच्या कॅथलिक चर्चला अमान्य आहे, तर अनेक प्रोटेस्टंट पंथांना ती मान्य आहे. हुकमांची यादी असती तर इतका वाद कशाला झाला असता?

आता सविता हलप्पनवार. बेळगावची ही दंतवैद्य २१ ऑक्टोबर २०१२ रोजी आयर्लंडमधील गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाली तेव्हा गर्भ सतरा आठवड्यांचा होता आणि तो आपोआप पडणे अटळ होते. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू असल्याने तिने मागितलेला गर्भपात नाकारण्यात आला, आणि २८ ऑक्टोबरला रक्तातील जंतुसंसर्गाने ती गेली. हा कॅथलिक देश आहे, असे उद्गार आपण काढल्याचे एका सुईणीने चौकशीत मान्य केले. त्या उद्गारावर पांघरूण घालता येणार नाही, आणि गर्भाला आईच्या बरोबरीने जगण्याचा हक्क देणाऱ्या आयर्लंडच्या १९८३च्या घटनादुरुस्तीमागे चर्चचे वजन होते हेही खरे. मात्र चौकशी अहवालाने देखरेखीतील त्रुटी, संसर्ग ओळखण्यातील दिरंगाई आणि ठोके थांबेपर्यंत हस्तक्षेप न करण्यावर दिलेला अवाजवी भर, या तिन्ही गोष्टी नोंदवल्या.

अमेरिकेतील कॅथलिक बिशपांच्या आरोग्यविषयक निर्देशांत तर असे लिहिलेले आहे की, गरोदर स्त्रीच्या गंभीर आजारावरचा थेट उपचार पुढे ढकलता येत नसेल, तर गर्भ दगावणार असला तरी तो करता येतो. तेराव्या शतकातील ईशज्ञानी थॉमस अक्वायनस यांच्यापासून चालत आलेल्या दुहेरी परिणामाच्या तत्त्वाचा, म्हणजे चांगल्या हेतूने केलेल्या कृतीचा अटळ पण न इच्छिलेला वाईट परिणाम क्षम्य ठरू शकतो या विचाराचा, तो वापर आहे. म्हणून माझा आक्षेप उलट दिशेचा आहे. गॉलवेच्या त्या वॉर्डात या शास्त्राचा अतिरेक झाला नव्हता. तिथे उरली होती ती कायद्याची धास्ती आणि ठोके मोजत थांबण्याची सवय. असे तत्त्व कागदावर असूनही खाटेपर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न या शास्त्राच्या अभ्यासकांना विचारायलाच हवा, आणि त्याचे समाधानकारक उत्तर त्यांनी अजून दिलेले नाही.