कातळ आहे, पण किती खोल?

‘पुणे काळ्या कातळावर वसलंय, इथे मोठा भूकंप होणार नाही. पाया कातळाला टेकला की इमारत सुरक्षित. भीती फक्त टॉवरवाल्यांना.’ कोयनेकडे धक्का जाणवला की हा मजकूर सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो.

पहिलं वाक्य साफ चूक आहे. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा आणि 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा, हे दोन्ही भूकंप याच काळ्या कातळाच्या प्रदेशातले. हालचाल होते ती बेसाल्टच्या, म्हणजे याच काळ्या कातळाच्या, थरांखालच्या जुन्या खडकात, वरचा कातळ ती अडवत नाही. कोयनानगर पुण्यापासून सरळ रेषेत जेमतेम सव्वाशे किलोमीटर आहे, आणि आयएस 1893 या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत पुणे झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे.

टॉवरचं म्हणाल, तर उंचीइतकाच जमिनीचाही प्रश्न आहे. टेकडीच्या उतारावर हातभर खाली कातळ लागतो. नदीकाठी आधी गाळ किंवा काळी माती, मग मुरूम, मग कातळ. बुजवलेले ओढे आणि भराव टाकलेल्या दगडखाणी त्याहून वाईट. मऊ थरात लाट मंदावते आणि तिचा हेलकावा वाढतो. थराच्या जाडीची चौपट करून तिला लाटेच्या वेगाने भागलं की त्या जमिनीचा दोलनकाळ, म्हणजे एक पूर्ण हेलकावा घ्यायला लागणारा वेळ, मिळतो. 10 मीटर थर आणि सेकंदाला 200 मीटर वेग असेल तर 0.2 सेकंद. दोन-तीन मजली इमारतीचा दोलनकाळही साधारण एवढाच. जमीन आणि इमारत यांचे दोलनकाळ जुळले की हेलकावे वाढत जातात, म्हणजे इथे कमी उंचीच्या घरांनाच जास्त फटका बसू शकतो. 1985 च्या भूकंपात मेक्सिको सिटीच्या जुन्या तळ्याच्या गाळाचा दोलनकाळ 2 सेकंदांच्या आसपास होता. तिथे मधल्या उंचीच्या इमारतींनी सर्वांत जास्त मार खाल्ला, तोही केंद्रापासून साडेतीनशे किलोमीटरवर.

उंच इमारती सुटतात असंही नाही. भिंती न धरता 30 मीटर उंच आरसीसी सांगाड्याचा दोलनकाळ आयएसच्या सूत्राने 0.96 सेकंद येतो. तिथे मऊ जमिनीसाठी धरायचा भूकंपाचा भार कातळापेक्षा 67 टक्के जास्त असतो.

कातळावरच्या पायाबद्दल मात्र मजकुरात थोडं तथ्य आहे: हादरा तिथे कमी वाढतो. पण इमारत पायापाशी संपत नाही. 2001 मध्ये भूजच्या भूकंपात 200 हून जास्त किलोमीटर दूरच्या अहमदाबादेत पार्किंगसाठी तळमजला मोकळा सोडलेल्या अनेक इमारती कोसळल्या. वर विटांच्या भिंती, खाली नुसते खांब, त्यामुळे सगळं वाकणं त्या एका मजल्यावर येतं. उताराच्या प्लॉटवर एका बाजूचे खांब 3 मीटर आणि दुसऱ्या बाजूचे 6 मीटर असले तर आखूड खांब आठपट ताठ असतो. भार तोच ओढून घेतो आणि तोच आधी फुटतो. आणि अर्धे फुटिंग (खांबांखालचे पायाचे ठोकळे) कातळावर, अर्धे भरावावर, हे तर कधीच नको.

म्हणून बिल्डरकडे ‘खाली रॉक आहे’ या उत्तरावर थांबू नका. माती परीक्षणाचा अहवाल मागा आणि त्यात प्रत्येक बोअरमध्ये कातळ किती खोलीवर लागला, पाण्याची पातळी आणि एसपीटी या जमिनीचा घट्टपणा मोजणाऱ्या चाचणीचे ‘एन’ आकडे पाहा. 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून टाकून नळी शेवटचे 30 सेंटिमीटर आत जायला जितके ठोके लागतात, तो ‘एन’. 10 च्या आत असेल तर जमीन मऊ. काम चालू असेल तर स्लॅबच्या लगत खांबांच्या रिंगा (उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या आडव्या सळ्या) बघा: हूक 135 अंशांत आत वळलेले हवेत, 90 अंशांचे चालत नाहीत, आणि तिथे दोन रिंगांमधलं अंतर 100 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. काँक्रीट ओतल्यावर हे काहीच दिसत नाही.