१३२ दातांचा पट्टा

चार आठवडे झाले, माझी मोटरसायकल पार्किंगमध्ये मेणकापडाखाली उभी आहे. इंजिन ठणठणीत, टायर नवे, बॅटरी दिवाळीत टाकलेली. नाही तो फक्त एक रबरी पट्टा, मागचं चाक फिरवणारा. आणि तो पट्टा अख्ख्या नाशकात माणसाला परवडेल अशा भावात मिळत नाही. डोकं फिरलंय नुसतं.

घेताना काय तोरा होता! सेकंडहँड घेतली. विकणारा म्हणाला, "भाऊ, बेल्ट ड्राइव्ह आहे. चेनला तेल नको, ताणायला नको, खडखड नको. मेंटेनन्स झिरो." खोटं बोलला नाही बिचारा. तीन वर्षं खरंच झिरो होता. सगळा एकदम वसूल झाला.

गेला कशाने? खडीने. सिंहस्थ जवळ आलाय, जिकडे बघावं तिकडे रस्ता उकरलेला. त्र्यंबक रोडवरून येताना मागून 'कट्' आवाज आला आणि मग घरापर्यंत टक... टक... टक. खाली वाकून बघतो तर बोराएवढा खडा बेल्ट आणि मागच्या पुलीच्या मध्ये चिरडला गेलेला. बेल्टला आरपार भोक, दोन दात उडालेले, आणि कडेने आतल्या दोऱ्या पिंजारून बाहेर, जुन्या ब्रशसारख्या.

नाशकात या गाडीचं सर्व्हिस सेंटर नाही. मुंबईला फोन लावला. "सर, बेल्ट अठरा हजार सातशे. पैसे आधी पूर्ण भरायचे, सहा ते आठ आठवडे लागतील." २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर जीएसटी सरसकट १८ टक्के झाला, आधी बहुतेकांवर २८ होता. म्हणून मी भोळेपणाने विचारलं, कमी नाही का झालं काही? तर म्हणे, "सर, हा कमी झालेलाच रेट आहे." पुढे प्रेमाने सल्ला, "दोन्ही पुल्यापण बदलून घ्या सर, नाहीतर नवा बेल्ट लवकर जाईल." मजुरी वेगळी. कारण बेल्टला चेनसारखं लॉक नसतं, तो एकसंध असतो. मागचं चाक काढा, ते धरणारा स्विंगआर्म उतरवा, मग बेल्ट आत जाणार. आणि त्यासाठी गाडी टेम्पोत घालून कसारा घाट उतरवायची. एवढ्यात चांगली जुनी स्कूटर येते हो!

मग द्वारका, सारडा सर्कल, मुंबई नाका, सगळी गॅरेजं पालथी घातली. सगळीकडे एकच मंत्र, "शेठ, चेन मारून टाका ना!" मारून टाका म्हणे. पुढचं-मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, या गाडीला बसेल असं मिळतंय कुठे? लेथवर करून घ्यायचं, दोन्ही एका रेषेत आणायचं, आणि अर्धा मिलिमीटर चुकलं तर चेन उडून पायावर. एकाने तर बेल्ट हातात घेऊन कडाकडा दुमडून बघितला. अरे बाबा, हा बेल्ट दुमडायचा नसतो, आतल्या दोऱ्या तुटतात! तसाही तो गेलेलाच होता म्हणा, पण जीव तुटतो.

ऑनलाइन चौदाशे रुपयांना दिसला. माझ्या गाडीचं नाव लिहिलेलं, फोटो बरोबर. आला तो स्कूटरचा व्ही बेल्ट! पुढच्या पुलीत अडकवला तर मागच्या चाकापर्यंत पोचेना. परत घ्या म्हटलं तर 'या वस्तूला रिटर्न लागू नाही'.

शेवटी विचार केला, आपण एमआयडीसीच्या गावात राहतो. सातपूर-अंबडला कारखान्यांमध्ये असे दातेरी पट्टे रात्रंदिवस फिरतात. अंबडच्या एका बेल्टवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "गाडीचं नाव नको. दात किती, पिच किती, रुंदी किती, एवढं सांगा." इतक्या दिवसांत पहिला माणूस, ज्याने कामाचा प्रश्न विचारला.

गॅलरीत फतकल मारून दात मोजायला बसलो. पहिल्यांदा १३१. दुसऱ्यांदा १३३. बायको आतून, "अहो, जपमाळ आहे का ती?" मग तिनेच लेकीचा स्केचपेन आणला, दर दहा दातांवर खूण केली आणि १३२ वर शिक्कामोर्तब केलं, उडालेल्या दोन दातांच्या जागा धरून. दहा दातांचं अंतर १४० मिलिमीटर, म्हणजे पिच, एका दातापासून पुढच्या दातापर्यंतचं अंतर, १४. एकूण लांबी १८४८.

बेल्टवाला म्हणाला, "माझ्याकडे १७७८ आहे. त्याच्यावर थेट १८९०." म्हणजे एक पाच दात आखूड, दुसरा तीन दात लांब. लांबवाला ताणून बसवायचा तर मागच्या चाकाचा एक्सल २१ मिलिमीटर मागे न्यावा लागतो. ॲडजस्टरला सरकायला उरलेत आठ. वर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "आमच्या बेल्टात फायबरग्लासची दोरी असते, मशीनसाठी ठीक. गाडीच्या झटक्याला टिकेल अशी गॅरंटी मी देणार नाही." मग १८४८ चा बनवून मिळेल का? "साचा करावा लागेल. पन्नास नगांच्या खाली कुणी हात लावणार नाही." पन्नास! वीस-वीस हजार किलोमीटरला एक जरी गेला, तरी माझी नातवंडं वापरतील.

रविवारी सासरवाडीला हे रडगाणं गायलो. सासऱ्यांची पिंपळगावला द्राक्षबाग आहे. म्हणाले, "जावईबापू, आमच्या फवारणीच्या पंपाचा पट्टा गेला की दुकानात जाऊन बी-५२ म्हणायचं. खुंटीवरून काढून देतो." बी हा पट्ट्याचा आकार, ५२ ही इंचात लांबी. कुठल्याही कंपनीचा घ्या, बसतो.

हेच खुपतंय मला. त्यांच्या पट्ट्याच्या पाठीवर माप छापलंय. माझ्या बेल्टवर काय छापलंय? कंपनीचा स्वतःचा दहा-अकरा आकडी पार्ट नंबर, जो तिच्याच काउंटरवर चालतो. ना दात, ना पिच. अरे, मीटरभर लांबीसुद्धा नाही दुमडून धरला तर, आणि लपवताय असं जसं काही तिजोरीची किल्ली आहे! माप छापलं असतं तर बाजारात चार जणांनी बनवला असता, पाच हजारांत मिळाला असता, आणि मी आज सिटीबसच्या दांड्याला लोंबकळत ऑफिसला गेलो नसतो.

असो. दात १३२, पिच १४, रुंदी २०. कुणाच्या माळ्यावर पडला असेल तर सांगा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन, मालेगाव असो नाहीतर इगतपुरी. आणि 'चेन मारून टाका' म्हणणाऱ्यांनी कृपया गप्प बसा.