‘नोकरशाही म्हणजे वाळवी’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढं वाचा

सध्या एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, सोसायटीच्या, शाळेच्या, गावाकडच्यासुद्धा. त्यात म्हटलंय की नोकरशाही ही इंग्रजांनी आपल्या गळ्यात बांधलेली धोंड आहे, बाबू लोक फुकट पगार खातात, नियम केलेत ते चिरीमिरीसाठीच, आणि सगळं खाजगी आणि ऑनलाइन केलं की देश सुटला. हे पाठवणाऱ्यांचा राग मला कळतो, हेलपाटे कुणी मारले नाहीत? पण एकेक मुद्दा घेऊन बघूया.

पहिला मुद्दा, इंग्रजांनी आणली. अहो, इंग्रज यायच्या कितीतरी आधी आपल्याकडे गावात पाटील-कुलकर्णी, परगण्यावर देशमुख-देशपांडे होते, महाराजांच्या अष्टप्रधानांत जमाखर्चाला अमात्य आणि पत्रव्यवहाराला सचिव होते, आणि पेशवे दफ्तरातले मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आजही पुण्यात आहेत. म्हणजे दफ्तर आपलंच, जुनंच. फरक होता तो त्यावर बसायचं कुणी यात. कुलकर्णीपण हे वतन होतं, बापाचं दफ्तर मुलाकडे, मुलाचं नातवाकडे, आणि गावाच्या जमिनीचा सगळा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात. त्याच वतनव्यवस्थेच्या दुसऱ्या टोकाला महार वतन होतं, नाममात्र मोबदल्यात सरकारची आणि गावाची वाट्टेल ती कामं, आणि ते मोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल मांडलं होतं. कुलकर्णी वतनं कायद्याने गेली १९५० मध्ये, महार वतन गेलं १९५८ च्या कायद्याने. आज तलाठ्याच्या खुर्चीवर परीक्षा देऊन आलेली कुठल्याही जातीची मुलगी बसू शकते, आणि तिची बदली होते, तिला निवृत्ती असते, ती खुर्ची तिच्या घरची होत नाही. नोकरशाही नको म्हणताना आपण नेमकं काय परत मागतोय याचा विचार करा. २०२३ च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते, ती पोरं कुणाची? आपलीच ना.

फुकट पगार म्हणाल तर कामचुकार आहेत, नक्कीच आहेत, पण एकेका तलाठ्याकडे दोन-तीन गावं असतात, गारपीट झाली की बांधावर जाऊन पंचनामे त्यानेही करायचे, त्यात निवडणूक लागली की तीही ड्युटी. रोजगार हमी आपल्या राज्याने देशाच्या आधी आणली, १९७२ च्या दुष्काळात, नंतर तिचा कायदाही केला. त्या कामांवर मजुराला पैसे मिळाले ते हजेरीपट भरणारा कुणीतरी होता म्हणून.

आता नियमांचं, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय. वारस नोंद घ्या. वडील गेले की मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, प्रतिज्ञापत्र, मग तलाठी फेरफार घालतो, त्याची प्रत चावडीवर लागते, ज्यांचा संबंध आहे त्या सगळ्यांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस, आणि त्यानंतरच मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. लोक म्हणतात हा वेळकाढूपणा आहे. माझ्या मावशीच्या माहेरी भावांनी वारसांच्या यादीत तिचं नावच दिलं नव्हतं. शेजारच्या बाईने चावडीवरचा कागद वाचला आणि फोन केला, मावशीने मुदतीत हरकत दिली, नोंद तक्रारी रजिस्टरला गेली, सुनावणी झाली आणि सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं. तिची ना आमदाराशी ओळख ना हातात पैसा, होते ते फक्त हे पंधरा दिवस. ज्याची वर ओळख आहे त्याला नियमाची गरजच पडत नाही हो, त्याचं काम एका फोनवर होतं. मॅक्स वेबर नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी नोकरशाहीचं हेच मर्म सांगितलं, समोर कोण उभाय ते न बघता लेखी नियमाने काम. याचा माणसालाच कोंडणारा पोलादी पिंजरा होऊ शकतो ही भीतीही त्याला होतीच.

आणि चिरीमिरी? आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांत महसूल आणि पोलीस हीच खाती वर असतात, हे झाकायचं कारण नाही. पण लाच घेतली जाते ती नियम वाकवायला किंवा नियमाने होणारं काम अडवून ठेवायला. नियमच काढले तर मावशीच्या भावांचं काम फुकटात झालं असतं, एवढंच. कुणी पैसे मागितले तर १०६४ वर फोन करा.

खाजगीचं काय सांगू, मेडिक्लेमचा क्लेम नाकारला गेलाय का कधी? तिथेही फॉर्म, तिथेही ‘कागद अपूर्ण’, फरक इतकाच की माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज तिथे चालत नाही.

ऑनलाइन मात्र मला हवंच आहे. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो, उत्तम झालं. पण हाताने लिहिलेले सातबारे कॉम्प्युटरवर चढवताना नावं चुकली, क्षेत्रं चुकली, आणि ती दुरुस्त करायला महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडेच जावं लागलं. जुनं रजिस्टर काढून बघणारा, सही करून जबाबदारी घेणारा माणूस लागतोच.

आणि उशीर होतो म्हणून चिडलाय ना, तर त्यावर कायदा आहे आपल्याकडे. बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा २००५ चा कायदा म्हणतो की साधारणपणे कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा म्हणतो की अधिसूचित, म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेली, सेवा ठरलेल्या मुदतीत द्यायची, नाही दिली तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. म्हणून अर्ज दिला की पोचपावती मागा, तीवर तारीख घ्या, आपल्या सेवेची मुदत किती हे ऑफिसातल्या बोर्डावर वाचा, आणि ती उलटली की दुसऱ्याच दिवशी अपील टाका.