‘शाही’ हा शब्द मुघलांची देणगी नव्हे

प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात ‘शाही स्नाना’ला ‘अमृत स्नान’ आणि साधूंच्या आखाड्यांच्या नगरप्रवेशाच्या मिरवणुकीला, म्हणजे ‘पेशवाई’ला, ‘छावणी प्रवेश’ म्हटले गेले. नाव कोणते ठेवावे हा आखाड्यांचा अधिकार आहे, आणि अमृतकलशाच्या कथेशी नवे नाव जुळतेही. माझा आक्षेप आहे तो या बदलाच्या समर्थनार्थ मोबाइलवर फिरणाऱ्या दाव्याला. ‘शाही’ हा उर्दू शब्द मुघलांनी आपल्यावर लादला, तो मुळात इस्लामी आहे आणि शिवछत्रपतींनी असे शब्द हद्दपार केले होते, असे त्यात ठासून सांगितले जाते.

मुघलांपासून सुरुवात करू. बाबराने दिल्ली घेतली १५२६ मध्ये. त्याच्या हजाराहून अधिक वर्षे आधी, चौथ्या शतकात, दरबारी कवी हरिषेणाने रचलेली समुद्रगुप्ताची प्रशस्ती ज्या स्तंभावर कोरली गेली, तो आज प्रयागच्या किल्ल्यात, म्हणजे संगमाच्या काठीच उभा आहे. गुप्त सम्राटाची मर्जी राखू पाहणाऱ्या सत्ताधीशांच्या यादीत तेथे ‘दैवपुत्रषाहिषाहानुषाहि’ असा समास येतो. ही कुषाणांची बिरुदे आहेत आणि ती अस्सल संस्कृत रचनेत बसवलेली आहेत. त्याही आधी कनिष्काच्या नाण्यांवर ग्रीक लिपीत ‘शाओनानोशाओ’, म्हणजे राजांचा राजा, हेच बिरुद आढळते. ज्या संगमावर हा शब्द परका ठरवला गेला, तेथेच त्याचा इतका जुना पुरावा दगडात कोरलेला असावा, याची दखल त्या संदेशात कोठेही नाही.

शब्द इस्लामी असल्याचे म्हणणे तर कालगणनेतच बसत नाही. इराणातील बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट दारयवहु, म्हणजे पहिला दरायस, याने इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या अखेरीस स्वतःला ‘ख्शायथिय ख्शायथियानाम्’ म्हणवून घेतले. त्यातील ‘आनाम्’ हा षष्ठीचा प्रत्यय संस्कृत शिकलेल्या कोणालाही ओळखता येईल. ‘ख्शायथिय’ झिजून ‘शाह’ झाला, आणि त्याचे मूळ संस्कृतातील ‘क्षत्र’, ‘क्षत्रिय’ यांच्याच कुळातले, राज्य करणे या अर्थाचे आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील नहपानाच्या जावयाच्या, उषवदाताच्या लेखात येणारा ‘क्षत्रप’, म्हणजे प्रांताधिपती, हाही इराणी वळणाचा शब्द याच घराण्यातला. पुढे काबूल-पंजाबात गझनीच्या महमूदाशी लढलेल्या जयपाल-आनंदपालांच्या घराण्याला काश्मीरचा इतिहासकार कल्हण याने ‘शाहि’ म्हटले आहे, आणि इतिहासात ते हिंदू शाही म्हणूनच ओळखले जाते.

उर्दूचा मुद्दा थोडक्यात आटोपतो: उर्दूने हा शब्द फारसीतून घेतला, तसा मराठीनेही घेतला.

शिवछत्रपतींचा दाखला मात्र गंभीरपणे घ्यायला हवा, कारण त्यात अर्धे सत्य आहे. महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि दरबारी व्यवहारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. स्वतंत्र सिंहासनाला स्वतःची राजभाषा असावी, ही त्यामागची दृष्टी थोर होती. परंतु बोलणाऱ्यांच्या तोंडून ते शब्द त्यामुळे गेले नाहीत. पेशव्यांच्या मुद्रेवर ‘मुख्य प्रधान’ असे कोरलेले असे, तरी लोक त्यांना पेशवेच म्हणत राहिले. आणि महाराजांच्या राज्याला मराठी माणूस अभिमानाने काय म्हणतो? शिवशाही. हिंदीत ज्याला ‘लोकतंत्र’ म्हणतात त्यालाही आपण ‘लोकशाही’ म्हणतो. हुकूमशाही, नोकरशाही, घराणेशाही असे शब्द ज्या प्रत्ययाने मराठी माणूस सहज घडवतो, तो परका म्हणून बाजूला काढायचा तर आधी ‘शिवशाही’वरच काट मारावी लागेल.

‘पेशवाई’बद्दलही गैरसमज आहे. कुंभातील पेशवाईचा पुण्याच्या राज्यकारभाराशी सरळ संबंध नाही. हिंदीत या शब्दाचा अर्थ सन्माननीय पाहुण्याला पुढे जाऊन सामोरे घेणे, असा आहे. हत्ती, घोडे, निशाणे आणि छत्र-चामरांसह साधू नगरात येतात, त्या मिरवणुकीला तो चपखल बसतो.

शिवाय हाच नियम लावायचा तर थाटाचे वर्णन करणारे आपले कितीतरी शब्द जातील. दिमाख, लवाजमा आणि इतमाम हे तिन्ही अरबीतून आलेले आहेत. हुतात्मा जवानाला आपण ‘शासकीय इतमामात’ निरोप देतो, तेव्हा त्या शब्दाने कोणाचाही मान कमी होत नाही.